कॅज्युअल्टीत ईसीजीला उशीर का होतो: निरीक्षण नेमकं कसं करायचं?

निशिगंध_एमएस्सी
डिझर्टेशनचा विषय: छातीत दुखणाऱ्या पेशंटचा ईसीजी आल्यापासून 10 मिनिटांत होतो का, नसेल तर वेळ कुठे जातो. गाईड म्हणतात, प्रश्नावली नको, निरीक्षण कर. सरकारी कॅज्युअल्टी आहे, गर्दी भरपूर. काय काय नोंदवू?

इनचार्ज_ताई
गाईडचं बरोबर आहे. प्रश्नावलीत सगळेच ‘10 मिनिटांत’ लिहितात!
आधी घड्याळाचं बघ. केस पेपरवरची वेळ खिडकीवर नोंद झाल्याची असते, पेशंट दारात आल्याची नव्हे. नातेवाईक रांगेत उभा असतो ती मिनिटं त्यात येतच नाहीत. ईसीजी मशीनचं घड्याळही बरेचदा चुकलेलं असतं. म्हणून सगळ्या वेळा एकाच मनगटी घड्याळावर घे. दारात आला, ट्रायजला (कोणाला आधी बघायचं ते ठरवतात तिथे) विचारपूस झाली, ईसीजी सांगितला, ईसीजीची कागदी पट्टी निघाली, डॉक्टरांनी वाचली. हे शेवटचं सोडू नकोस, 10 मिनिटांत वाचणंही धरलेलं आहे. शेजारी ‘वाट कशाची’ असा मोकळा रकाना ठेव: मशीन दुसऱ्या बेडवर, जेल संपली, पडदा नाही, सांगायलाच उशीर. खरं संशोधन त्या रकान्यातच आहे.

आकडेवाला_ब्रदर
‘छातीत दुखतंय’ म्हणणारेच घेतलेस, तर घाम, दम किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणं घेऊन आलेले हार्ट अटॅकचे पेशंट सुटतील. त्यात मधुमेही आणि बायका बऱ्याच असतात. ही लक्षणं सिनॉप्सिसमध्येच (संशोधनाच्या सुरुवातीच्या आराखड्यात) लिही. पायलटला, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणी-अभ्यासात, दोघांनी एकाच पेशंटची नोंद वेगवेगळी करा, आपसात न बोलता. कारणांसाठी कोहेनचा कप्पा (Cohen's kappa: योगायोगाने जुळलेलं वजा करून दोघांच्या नोंदी किती जुळतात ते सांगणारा आकडा) काढ. नुसती जुळणाऱ्या नोंदींची टक्केवारी फसवते. एकच कारण सतत येत असेल तर डोळे झाकून टिक केली तरी जुळते. आणि रात्रपाळी घेच.

निशिगंध_एमएस्सी
मला बघून सिस्टर्स एरवीपेक्षा चटपटीत झाल्या तर? आणि डोळ्यांदेखत चूक होत असेल तर?

इनचार्ज_ताई
पहिले काही दिवस नुसती बस, त्या नोंदी विश्लेषणात धरू नकोस. आधीच्या महिन्याच्या पट्ट्यांवरच्या वेळा केस पेपरशी ताडून तुझ्या काळातल्या तशाच वेळांशी तुलना कर, फरक कळेल (मशीनचं घड्याळ मधे कुणी लावलं नसेल तर). युनिफॉर्ममध्ये उभी राहिलीस तर कुणीतरी सलाईन धरायला लावणारच, म्हणून साध्या कपड्यांवर ओळखपत्र.
कधी मधे पडायचं ते एथिक्स कमिटीला देण्याच्या प्रोटोकॉलमध्येच लिही. चुकीचं इंजेक्शन भरलं जातंय, ऑक्सिजन सॅच्युरेशन घसरतंय आणि कुणाचं लक्ष नाही: तिथे वही ठेवून बोलायचं. ती केस वेगळी खूण करून ठेव, गाळू नकोस. स्टाफची नावं कुठेच नकोत, कोड वापर.