मदत हवी आहे: बंदीच्या दिवसांत सासूबाईंचं मीठ कमी कसं करू?

नमस्कार. आम्ही वेंगुर्ले तालुक्यातले. घरात चौघं: सासूबाई, नवरा, दहावीतला मुलगा आणि मी. नवरा ट्रॉलरवर खलाशी आहे, त्यामुळे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा घरात पैसा जवळजवळ येतच नाही. सासूबाईंचा बीपी गोळी चालू असूनही वर राहतोय. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा. कसं, ते विचारायचं राहिलं, मागे मोठी रांग होती.

आमचं पावसाळ्यातलं जेवण म्हणजे सकाळी पेज आणि लोणचं, दुपारी रेशनच्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी आणि चुलीत भाजलेला खारा बांगडा. भाजी परवडत नाही त्या दिवशी खारातली कैरी किंवा पापड. आम्हाला जे स्वस्त पडतं ते नेमकं सगळं खारट आहे. ताजी फळं आणि सॅलडचे सल्ले वाचून झाले, ते आमच्या आवाक्यातले नाहीत. सासूबाई म्हणतात, "अळणी जेवान घशाखाली उतरणा नाय." त्यांना उपाशी ठेवून बीपी उतरवायचा नाही मला. शेजारणीने सैंधव वापरायला सांगितलंय. त्याने फरक पडेल का? आधी काय बंद करू आणि त्या जागी काय देऊ?

प्रतिसाद १

ताई, मी आहारतज्ज्ञ आहे. सैंधवावर पैसे घालवू नका. तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं, आणि त्यात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं. काळ्या मिठाचंही तेच.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ अशी आहे, म्हणजे चहाचा सपाट एक चमचासुद्धा नाही. आणि त्यात लोणचं, पापड, मासळी सगळं धरायचं. घरच्या घरी मोजायचा बिनखर्चाचा उपाय असा: मिठाची नवी पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. चार माणसांचे महिन्याचे जास्तीत जास्त ६०० ग्रॅम होतात. एक किलोची पिशवी महिन्यात संपत असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला ८ ग्रॅमच्या वर जातंय, खारवलेलं वेगळंच. मासळी धुवायचं जाडं मीठ या हिशेबात धरू नका.

भात, पेज आणि भाकरीतलं मीठ आधी काढा. कालवण असतं, कोणाला जाणवत नाही. पिठीत मीठ मुठीने न घालता चमच्याने मोजून घाला आणि दर आठवड्याला थोडं उतरवा. जीभ काही आठवड्यांत सरावते. एकदम तोडलंत तर सासूबाई लोणच्याची बरणीच पुढ्यात ओढतील! पापडात मिठाशिवाय पापडखार असतो, त्यातही सोडियमच. मुलाच्या पाकिटातल्या नूडल्सच्या मसाल्यातही भरपूर असतं. पाकिटावर सोडियमचा आकडा दिसला तर त्याला अडीचने गुणा, तेवढं मीठ.

प्रतिसाद २

मी रत्नागिरीकडची, आमचा सुक्या मासळीचाच धंदा. सुकी मासळी सगळी सारखी नसते, हे आधी लक्षात घ्या. बांगडा, मुशी, सुरमई मीठ भरून सुकवतात. बोंबील वलांडीवर, म्हणजे सुकवायच्या मांडवावर, टांगून आणि जवळा अंगणात पसरून बहुतेक ठिकाणी बिनमिठाचाच उन्हात सुकतो. मासळीचा स्वतःचा खारटपणा राहतो, पण खाऱ्या बांगड्याच्या मानाने पुष्कळ कमी. घेताना विचारा, "मीठ लावलंय का?" आणि एक तुकडा जिभेवर ठेवून बघा.

घरात आहे तो खारा बांगडा टाकू नका, पण तो भाजून तसाच ताटात नको. तुकडे पाण्यात भिजवा, दोनतीनदा पाणी बदला, ते पाणी ओतून द्या. मग वांग्यात किंवा फणसाच्या आठळ्यांत घाला, वरून मीठ बिलकूल नको. तरी थोडं मीठ मासळीत राहतंच, म्हणून सासूबाईंना छोटासा तुकडा आणि आठळ्या जास्त. खारातल्या कैरीलाही हेच करा.

पहिल्या पावसात चढणीचे मासे मिळाले तर त्यांना मिरची, आमसूल आणि लसूण पुरते. तिसऱ्या (शिंपल्या) आणल्यात तर त्यांचं पाणी मुळातच खारं असतं, शिजवून चव घेतल्याशिवाय मिठाला हात लावू नका. टाकळा, भारंगी, शेवग्याचा पाला तर परसातच असतो. ओलं खोबरं, लसूण आणि हिरवी मिरची सढळ घातली की मीठ कमी पडल्याचं आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनाही कळत नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघींचे खूप आभार. आठळ्या पोतंभर पडल्यात, आजच शिजायला लावते. लोणच्याऐवजी पेजेबरोबर खोबऱ्याची चटणी चालेल ना? आंबटपणासाठी कोकमाचं आगळ वापरते, बाटली भरलेली आहे. आणि दुकानात कमी सोडियमचं मीठ दिसलं, महाग आहे. घ्यावं का?

प्रतिसाद १

चटणी चालेल, त्यात चिमूटभरच मीठ आणि कैरीची फोड घाला. आगळ मात्र जपून, कोकमाचा रस टिकावा म्हणून त्यात भरपूर मीठ घातलेलं असतं. सासूबाईंच्या सोलकढीला साधी आमसुलं भिजवून घ्या, तीही चाखून, कारण काही ठिकाणी मीठ लावून सुकवतात. आगळ घातलंच तर त्या पदार्थात वेगळं मीठ नको.

कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंड अशक्त असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ टेल्मिसार्टन, लोसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन, चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाला धोका होतो. गोळ्यांचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि हा एकच प्रश्न विचारा. तोवर ते घेऊ नका. मीठ कमी केल्यावर चक्कर किंवा फार थकवा वाटला तर बीपी लगेच मोजून घ्या, गोळीचा डोस बदलावा लागू शकतो. तो मात्र घरी ठरवू नका.