नाताळच्या मिस्सात श्रीलंकेसाठी प्रार्थना लिहितेय, नुसती ‘शांती’ मागणं बरोबर आहे का?

पापडीची_लेक
नमस्कार मंडळी. आमच्या धर्मग्रामात यंदा नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सात, म्हणजे देवळातल्या उपासनेत, ज्या प्रार्थना वाचतात त्या लिहायचं काम युवा गटाकडे आलंय. एक प्रार्थना यादवी युद्धातून बाहेर आलेल्या एखाद्या देशासाठी करायची असं ठरलं आणि मी श्रीलंका घेतली, कारण मी दोह्याला नोकरीला होते तेव्हा माझी रूममेट तिथल्या उत्तरेकडच्या मन्नारची होती, तमिळ कॅथलिक. मी लिहिलं, ‘हे प्रभो, तीस वर्षांच्या युद्धानंतर श्रीलंकेत शांती नांदते आहे, तिच्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो, ती अशीच टिकव.’ हे इंग्रजी करून तिला व्हॉट्सॲपवर पाठवलं तर ती नुसतं ‘ओके, थँक यू’ म्हणाली, एरवी दहा हार्ट पाठवणारी मुलगी.

तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. तिचा भाऊ मे २००९ मध्ये, अगदी शेवटच्या दिवसांत, आर्मीच्या चेकपॉइंटवर बसमध्ये चढवला तो परत आलाच नाही. रूमवर आम्ही छोटी गव्हाणी करायचो, पुठ्ठ्याची, आणि ती मेंढरांच्या शेजारी त्याचा पासपोर्ट साइज फोटो ठेवायची, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये. एकदा मी हौसेने त्या फोटोला मोगऱ्याचा छोटा गजरा घालायला गेले तर तिने माझा हात धरला, म्हणाली हार घालायचा नाही, हार घातला की तो गेला असं होतं. मला माझं वाक्य कुठे चुकलं ते कळतंय पण नीट धरता येत नाहीये. कुणी सांगेल का?

कोलंबोत_सहा_वर्षं
आधी साधी दुरुस्ती, तीस नाही, सव्वीस. जुलै १९८३ ते मे २००९. पण खरी अडचण ‘नांदते आहे’ मध्ये आहे ताई. बंदुका थांबल्या हे खरं, आणि ज्यांनी तो काळ काढला त्यांना विचारा, तेवढंसुद्धा थोडंथोडकं नाही. पण उत्तरेत किलिनोच्चीला फेब्रुवारी २०१७ पासून बेपत्ता झालेल्यांच्या आया रस्त्याकडेला मांडव टाकून बसल्या, पोरांचे फोटो घेऊन, वर्षानुवर्षं, आणि त्यातल्या कितीतरी आया उत्तर न मिळताच वारल्या. मन्नारचे बिशप रायप्पू जोसेफ यांनी २०११ मध्ये सरकारी आयोगापुढे लेखी दिलं की सरकारी आकडेच एकमेकांशी ताडून पाहिले तर १,४६,६७९ माणसांचा हिशोब लागत नाही. सरकारने तो आकडा मानला नाही, पण बिशप २०२१ मध्ये वारेपर्यंत लोक त्यांच्याकडे आपल्या माणसाची चौकशी करायला येत राहिले. तुमची मैत्रीण त्याच धर्मप्रांतातली. तिला ‘शांती नांदते आहे’ वाचून काय वाटलं असेल.

आणि तिकडचा नाताळसुद्धा साधा नाही. २००१ मध्ये लिट्टेने, म्हणजे वेगळ्या तमिळ राज्यासाठी सरकारशी लढणाऱ्या संघटनेने, २४ डिसेंबरच्या मध्यरात्रीपासून एकतर्फी युद्धबंदी केली, नव्या सरकारने तिला साथ दिली आणि फेब्रुवारी २००२ मध्ये नॉर्वेच्या मध्यस्थीने करार झाला, लोकांना वाटलं आता संपलंच. आणि २००५ च्या नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सात पूर्व किनाऱ्यावरच्या बट्टिकलोआच्या कॅथेड्रलमध्ये तमिळ खासदार जोसेफ परराजसिंघम यांना गोळ्या घातल्या, सगळ्यांच्या देखत. एकाच रात्रीच्या ह्या दोन्ही आठवणी लोक जवळ बाळगून आहेत.

मडगावकर
आमच्या गोव्याचं त्या देशाशी जुनं नातं आहे म्हणून लिहितो. संत जोसेफ वाझ, बाणावलीत जन्मले, १६८७ मध्ये डच लोकांनी कॅथलिक धर्मावर बंदी घातलेली असताना वेष बदलून जाफन्याला उतरले, पुढे कॅंडीत पोर्तुगीज हेर समजून त्यांना कैद केलं आणि नंतर त्याच बौद्ध राजाने आसरा दिला. तमिळ शिकले, सिंहली शिकले, १७११ मध्ये कॅंडीतच वारले. पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत केलं ते १४ जानेवारी २०१५ ला कोलंबोत, आणि त्याच दुपारी ते मडूला गेले.

मडू म्हणजे मन्नार जिल्ह्यातलं जंगलातलं मरियेचं देऊळ. तिथली मूर्तीच मुळात डचांच्या छळातून पळालेल्या लोकांनी मांतैहून आणलेली. आणि एप्रिल २००८ मध्ये देवळाभोवती तोफा पडायला लागल्या तेव्हा तिथल्या फादरांनी तीच मूर्ती उचलून पुन्हा पळवली, ऑगस्टला परत आणली. त्याआधी १९९९ मध्ये देवळात आसऱ्याला आलेल्या लोकांवर तोफगोळे पडून चाळीसच्या आसपास माणसं गेली. तरी तिथे १५ ऑगस्टच्या सणाला सिंहली पण येतात आणि तमिळ पण येतात, एकाच झाडाखाली चूल मांडतात. बौद्ध म्हटलं की जवळपास सगळे सिंहली, हिंदू म्हटलं की तमिळ, पण ख्रिस्ती मात्र दोन्हीकडे आहेत, सिंहलींच्या नेगोंबोलाही आणि तमिळांच्या जाफन्यालाही. सात-साडेसात टक्केच लोक, पण आशा कुणी धरायची तर यांनीच धरायची असं मला वाटतं.

फौजीचा_मुलगा_सातारा
माझे वडील आयपीकेएफमध्ये, म्हणजे श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेत होते, १९८८ ला जाफन्यात. आपले साधारण बाराशे जवान तिथे मारले गेले. म्हणून सांगतो, प्रार्थना एका बाजूची करू नका. लिट्टेने शाळकरी पोरं उचलून लढाईत घातली, ऑक्टोबर १९९० मध्ये उत्तरेतल्या मुसलमानांना घरादारातून हाकललं, बसमध्ये बॉम्ब लावले. गावाकडच्या गरीब सिंहली शिपायाच्या आईलाही कितीदा मुलाचं शरीर मिळालं नाही. वडील बोलत नाहीत फारसं, पण नाताळला टीव्हीवर घंटा वाजल्या की म्हणतात, जाफन्यात चर्चच्या घंटा ऐकून आमच्यातले गोव्याचे एक हवालदार बंकरमध्ये गुडघे टेकायचे आणि बाकी आम्ही गप्प बसायचो.

कोलंबोत_सहा_वर्षं
@फौजीचा_मुलगा बरोबर, शंभर टक्के. म्हणूनच ‘आया’ म्हणा, नुसतं ‘तमिळ आया’ नको. फक्त एक, सगळ्यांनी सोसलं म्हणून कुणीच काही विचारायचं नाही असं व्हायला नको, फोटो घेऊन बसलेल्या बाईला अजून उत्तर मिळालेलं नाहीये.

अजून एक गंमत नाही पण मला फार भिडलेली गोष्ट. शांतीला सिंहलीत सामय म्हणतात आणि तमिळमध्ये समाधानम्. तमिळ बायबलात मेंढपाळांसमोर देवदूत तेच म्हणतात, पृथ्वीवर समाधानम्. आपल्या मराठी कानाला ते ‘समाधान’ ऐकू येतं. त्या आयांना समाधान कुठे आहे.

मडगावकर
ताई, २८ डिसेंबरला आपण निरपराध बालकांचा सण पाळतो ना, हेरोदाने मारलेल्या. तिथे राहेल आपल्या मुलांसाठी रडते आणि सांत्वन करून घेत नाही, असं शुभवर्तमानात लिहिलंय. नाताळच्या आठवड्यातच आहे ते. तिथून धरा.

पापडीची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार, रडू आलं वाचताना. ‘आभार’ आणि ‘टिकव’ काढलं. आता असं आहे:

‘हे प्रभो, श्रीलंकेत युद्ध थांबलं, पण ज्यांची मुलं परत आली नाहीत त्या आया अजून वाट पाहत आहेत, तमिळ आणि सिंहली, ख्रिस्ती, हिंदू, बौद्ध, मुसलमान. ती मुलं कुठे आहेत हे त्यांना कळू दे. ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगण्याचं धैर्य दे. आणि मग त्या देशाला तुझी शांती दे, आम्ही प्रार्थना करतो.’

फादरांना दाखवलं, म्हणाले लांब आहे पण एक शब्द काढू नकोस. मैत्रिणीला पाठवलं सकाळी. तिने दुपारी भावाचा फोटो पाठवला, तोच, प्लास्टिकच्या कव्हरमधला, आणि विचारलंय की तुमच्या देवळातल्या गव्हाणीत मेंढरांच्या बाजूला याला जागा होईल का. प्रिंट काढायला चाललेय.