मिरजेत रोबोट आणून खर्च वाचेल का?

कृष्णाकाठ
परवा इथे एकाने लिहिलं, ‘रोबोटने ऑपरेशन केलं की पेशंट लवकर घरी जातो, म्हणजे दवाखान्याचा खर्च वाचतो. मिरजेतल्या प्रत्येक मोठ्या दवाखान्याने रोबोट घ्यावा.’ बारा वर्षं दवाखान्याचे हिशेब लिहितोय, राहवलं नाही.

मशीन दहा कोटींचं धरा आणि दहा वर्षं चालेल असं धरा. वर्षाला एक कोटी झाले. देखभालीचा करार किमतीच्या दहा टक्के धरा, आणखी एक कोटी. वर्षात दोनशे ऑपरेशनं झाली तर प्रत्येकावर एक लाख बसला, आणि यात सर्जन, भूल, औषधं काहीच नाही. शिवाय दा विंची नावाच्या रोबोटच्या चिमट्या-कात्र्यांचे वापर मोजलेले असतात. ते संपले की मशीन ती वस्तू स्वीकारतच नाही, मग ती कितीही चांगली असो. आधी बहुतेकांना दहाच वापर मिळायचे, २०२० मध्ये कंपनीने काहींचे बारा ते अठरा केले.

आणि वाचतं काय? दोन दिवसांची खाट. अमेरिकेत खाटेला दिवसाला हजारो डॉलर पडतात, तिथे गणित बसू शकतं. आपल्याकडे चार हजार धरले तर आठ हजार वाचले. मशीन डॉलरच्या भावात आणि खाट मिरजेच्या भावात, हे कसं जुळायचं?

तासगावचा बागायतदार
तुमच्या वहीत माणूस कुठाय? वडिलांच्या प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन पुण्यात रोबोटने झालं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून सुटी. ऑगस्टअखेर ऑपरेशन आणि ऑक्टोबर छाटणीला बागेत खुर्ची टाकून बसले होते. चुलत्यांचं पोट उघडून झालं होतं, दोन महिने अंथरुणावर. छाटणी चुकली की वर्ष गेलं. ते कुठल्या खात्यात लिहिणार?

भूलवाली, मिरज
वडील बरे झाले, मनापासून आनंद आहे. पण तुलना दुर्बिणीशी करा ना. दुर्बिणीच्या ऑपरेशनलाही बरेच पेशंट लवकर घरी जातात. गुदाशयाच्या कॅन्सरवर रोबोट आणि दुर्बिणीची तुलना करणारी रोलार चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. मध्येच पोट उघडावं लागलं ते रोबोटमध्ये ८.१ टक्के, दुर्बिणीत १२.२, आणि तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये तर २०१८ च्या चाचणीत दुर्बीण-रोबोटपेक्षा पोट उघडून केलेल्या बायकांचंच जगण्याचं प्रमाण जास्त निघालं. आणि मशीन जोडायला जो वेळ जातो, तेवढं ऑपरेशन थिएटर अडकतं. यादीतला शेवटचा पेशंट उपाशीपोटी ताटकळतो, त्याच्याशेजारी मी उभी असते.

तासगावचा बागायतदार
आकडे नका फेकू. दुर्बिणीने प्रोस्टेट काढणारे सर्जन आपल्या जिल्ह्यात किती, ते सांगा.

भूलवाली, मिरज
थोडे. ते मान्य. ओटीपोटात खोलवर टाके घालायला रोबोटने हात मोकळा चालतो, हेही मान्य. प्रोस्टेटपुरतं.

विश्रामबाग
तुम्ही प्रोस्टेटवर भांडताय, इकडे गुडघ्यात घर बुडतंय. आईचा गुडघा रोबोटने केला. विमा नियामकाने २०१९ मध्येच सांगितलंय की रोबोटिक सर्जरी पॉलिसीतून वगळता येणार नाही, म्हणून निर्धास्त होते. डिस्चार्जच्या दिवशी कळलं, रोबोटला वेगळी मर्यादा आहे. सत्तर हजार खिशातून गेले. साधा गुडघा केला असता तर सगळे मिळाले असते. हे ऑपरेशनच्या आधी एकानेही सांगितलं नाही.

सांगलीवाडी
पॉलिसी वाचून घ्यायची असते.

विश्रामबाग
चाळीस पानं इंग्रजीत! आई कळवळत असताना मी ती वाचत बसायची? बोलताना जरा भान ठेवा.

कृष्णाकाठ
सरकारने २०१७ मध्ये कोबाल्ट-क्रोमियमच्या कृत्रिम गुडघ्याला ५४,७२० रुपयांची मर्यादा घातली. त्याआधी इम्प्लांटवर भरपूर सुटायचं. ते थांबलं, आणि बिलात नव्या ओळी शिरल्या. रोबोट त्यातलीच एक, असं माझं स्पष्ट मत आहे.

भूलवाली, मिरज
आम्हा सगळ्यांना चोर ठरवायचं असेल तर मी निघते. वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये इथे मिशन दवाखाना काढला, तेव्हापासून कर्नाटकातून लोक मिरजेला येतात ते विश्वासावर.

कृष्णाकाठ
चोर म्हटलं नाही. मशीनचा हप्ता डोक्यावर असला की साधा हर्नियाही रोबोटवर चढतो, एवढंच म्हणतोय.

भूलवाली, मिरज
त्याला मी नाही म्हणणार नाही.

तासगावचा बागायतदार
मग चारशे ऑपरेशनं धरा. पन्नास हजारांवर येतं. गुरुग्रामचा एसएसआय मंत्रा रोबोट आहे, देशी आणि स्वस्त. सगळ्या दवाखान्यांनी मिळून एकच घ्या. आम्हाला पुण्यात लॉज करून पंधरा दिवस राहावं लागलं, त्याचे पैसेही मोजा की.

कृष्णाकाठ
लॉजचं धरलं नव्हतं, ती माझी चूक. मिळून एक घेणार असतील तर माझा विरोध नाही. पण मूळ पोस्टमध्ये ‘प्रत्येक दवाखान्याने’ असं होतं.

विश्रामबाग
माझ्या सत्तर हजारांचं काय करू, कुणी सांगेल का?

सांगलीवाडी
ताई, मघाशी तुटक बोललो, चुकलं. आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्या. महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर पुण्याला विमा लोकपाल आहे, फी लागत नाही. मर्यादेचं पान आणि डिस्चार्ज कार्ड जोडा. अर्ज मराठीत लिहून देतो.