रिसेट दाबला तरच अपलोड होतं, तेही पाचातून एकदा. काय चुकतंय?

मखरवाला: चवथ तोंडावर आलीय आणि मखरामागचं फिरतं कमळ आणि एलईडी पट्टी चालवायला घेतलेला बोर्ड अडून बसलाय. ब्रेडबोर्डवर अर्डुइनो उनोवर सगळं मस्त चाललं, मग झिरो पीसीबीवर नुसती एटीमेगा३२८पी (उनोवर असते तीच चिप), १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि यूएसबी-सिरीयल मॉड्यूल असं सोल्डर केलं. आता कॉम्प्युटरवरून प्रोग्राम अपलोड दिला की 'नॉट इन सिंक' (चिपकडून उत्तर नाही) दहा वेळा. रिसेटचं बटण दाबून नेमक्या क्षणाला सोडलं तर कधीतरी चढतं. पिन १ ला, म्हणजे चिपच्या रिसेट पिनला, मीटर लावला, ५ व्होल्ट बरोबर दिसतात. इथे फोंड्यात पाऊस असा लागलाय की बोर्डाला दमटपणा धरला का अशी शंका येते.

पोर्टवाला: ड्रायव्हर बघ आधी. माझा सीएच३४० (यूएसबी-सिरीयल मॉड्यूलमधली चिप) असाच छळायचा, जुना ड्रायव्हर टाकला आणि गप्प झाला.

सोल्डरबाब: ड्रायव्हर नाही रे तो, बटण दाबून एकदा जरी चढलं म्हणजे पोर्ट, आरएक्स-टीएक्सच्या वायरी, बूटलोडर (चिपमधला, नवा प्रोग्राम चढवून घेणारा छोटा प्रोग्राम) सगळं ठीक आहे, फक्त चिप आपणहून रिसेट होत नाही. आणि मीटरला ५ व्होल्ट दिसले म्हणून खूश होऊ नको, रिसेटचा झटका इतका छोटा असतो की मीटरला तो दिसतच नाही. डीटीआर (मॉड्यूलची रिसेटचा झटका देणारी पिन) आणि पिन १ च्या मध्ये काय लावलंस? आणि पिन १ वर अजून काय काय आहे ते सगळं सांग, 'बाकी नेहमीचंच' असं नको.

मखरवाला: डीटीआरमधून ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, पिन १ १०के रेझिस्टरने ५ व्होल्टला वर ओढलेली, बटण ग्राउंडला. आणि हो, रिसेट ते ग्राउंड १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक, एका व्हिडिओत लावायला सांगितलेला.

सोल्डरबाब: सापडला मरे! तो कॅपॅसिटर उनोला प्रोग्रामर म्हणून वापरताना त्या उनोवर लावतात, पोर्ट उघडल्यावर उनो स्वतःच रिसेट होऊ नये म्हणून. तू तो ज्याला रिसेट व्हायचंय त्यालाच लावलास, आणि तो बिचारा आपलं काम चोख करतोय. हिशेब बघ, डीटीआर ५ व्होल्ट खाली येतो पण ०.१ च्या समोर १० बसलाय म्हणजे पिनला शंभरावा हिस्सा, ५० मिलिव्होल्ट. ढिम्म हलणार नाही. बटण मात्र त्याला थेट रिकामा करतं म्हणून ते चालतं, पण बूटलोडर जेमतेम सेकंदभर वाट बघतो, तेवढ्यात तुझं टायमिंग जमलं तर जमलं. काढून टाक. ०.१ वाला मात्र राहू दे, त्याच्या जागी सरळ वायर जोडलीस तर सिरीयल मॉनिटर उघडा असेपर्यंत चिप रिसेटमध्येच अडकेल.

मखरवाला: काढला, पहिल्या फटक्यात चढलं!! पण आता कमळाची मोटर बंद होताना कधीकधी बोर्ड परत पहिल्यापासून सुरू होतो.

सोल्डरबाब: मोटरला उलटा डायोड आहे ना? आणि बटणाची वायर केवढी लांब?

मखरवाला: डायोड आहे. वायर मखराच्या पुढे आणलीय, मीटरभर, मोटरच्या वायरीला गुंडाळून 😬

सोल्डरबाब: मग अँटेनाच केलीस की. बटण बोर्डावरच घे, चवथीला रिसेट कोण दाबणार आहे पुढून? तरी झालंच तर १०के च्या जागी ४.७के लाव.

मखरवाला: बटण आत घेतलं, तासभर कमळ फिरतंय, एकदाही अडकलं नाही. देव बरें करूं बाब.