सरकारी आणि खासगी निवृत्तिवेतनातील तफावत न्याय्य आहे का?

प्रश्न: ईपीएस ९५ या, प्रामुख्याने खासगी क्षेत्रातील कामगारांसाठीच्या १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेतील किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून दरमहा १,००० रुपयेच असताना, केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत (यूपीएस) दहा वर्षांच्या सेवेवर १०,००० रुपयांची हमी देणे न्याय्य आहे का?

उत्तर १: तफावतीचे मूळ वर्गणीत आहे. एकीकृत योजनेत कर्मचारी वेतनाच्या १० टक्के आणि सरकार १८.५ टक्के भरते. ईपीएसमध्ये मालकाच्या वाट्यातून वेतनाच्या ८.३३ टक्के आणि केंद्राचे १.१६ टक्के जमा होतात, तेही १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेपर्यंतच.

उत्तर २: आपला हिशेब मान्य आहे, परंतु सरकारी निवृत्तांची रक्कम महागाईनुसार वाढते आणि कारखान्यातील कामगाराची मात्र गोठते, हे मला सर्वांत अन्यायकारक वाटते, कारण औषधांचे भाव दोघांनाही सारखेच असतात.

उत्तर ३: सहमत. ईपीएसची वेतनमर्यादा वाढवण्याआधी महागाई सवलत, म्हणजे महागाईनुसार निवृत्तिवेतनात वाढ, मिळावी, कारण आज निवृत्त असलेल्यांना वाढीव मर्यादेचा काहीच उपयोग नाही.