मदत हवी आहे: हा पिल्लू एंजेलफिश (समुद्री मासा) कोणत्या जातीचा?
मासा साधारण 6 सेंटिमीटर, गडद निळा-काळा, अंगावर पांढऱ्या आणि निळ्या रेषा. गालाजवळ मागे वळलेला काटा स्पष्ट दिसतो, त्यामुळे बटरफ्लायफिश (असाच दिसणारा, पण हा काटा नसलेला मासा) नक्कीच नाही. शेपटीजवळ पूर्ण वर्तुळ नाही, म्हणून एम्परर ही एंजेलफिशची जात वगळली. कोरान ही दुसरी जात म्हणावं, तर रेषांचा बाक फारच कमी, जवळजवळ उभ्याच. शेपटीचा पर पारदर्शक. पिल्लाचे रंग बदलून मोठ्या माशासारखे व्हायला अजून सुरुवात नाही, तेव्हा मोठ्या माशांशी तुलना करून उपयोग नाही. फोटो पांढऱ्या दिव्यात काढलाय, निळ्या उजेडात रेषांचे रंग वेगळे कळतच नाहीत.

टाकी 400 लिटरची. मोठी जात असेल तर ती पुढे अपुरी पडेल, त्याचे हाल नकोत. हा ब्लू रिंग, म्हणजे पोमॅकँथस अ‍ॅन्युलॅरिस असावा का? आणि या वयात कोरानपासून तो वेगळा ओळखायची खात्रीची खूण कोणती?