पितळेत ऊब साठवायची जादू सोलापुरात फुकट पडतेय, काय करू?

पूर्वभागकर
कादंबरी लिहितोय. नियम असा: अंगातला एकेक गुण धातूत साठवता येतो. लोखंडात वजन, कथलात नजर, काशात जाग, पितळेत ऊब. साठवताना तेवढं उणं भोगायचं. ज्याचं त्यालाच परत काढता येतं. नायक यंत्रमागावर. सुट्टीला दिवसभर पेंगतो, रात्रपाळीला टक्क जागा. इथवर जमलंय.

अडलंय पितळेपाशी. गोष्ट मे महिन्यातली, पारा ४३-४४. अशात ऊब पितळेच्या ताइतात घातली तर उणं कसलं, गारवाच की! सोलापूरचा अख्खा पूर्व भाग ताईत घालून फिरेल, कूलर भंगारात.

सुचलं आजीच्या काशाच्या वाटीवरून. तळपायाला तूप लावून घासायची, काळं आलं की म्हणायची, "बघ किती उष्णता निघाली." (ते काळं तुपाचं अन् धातूचं, हे मला पुढं कळलं. आजीला नाही सांगितलं.)

दुपारची_झोप
माणूस नुसता बसला तरी साधारण १०० वॅट उष्णता टाकतो. तासाचे ३६० किलोज्यूल. किलोभर पितळेत ते खरोखर कोंबलेस तर नऊशेच्या आसपास अंशांनी तापेल, म्हणजे पितळ वितळायलाच टेकेल. ताइताचं तर बोलूच नको. आत उष्णता आहे का नुसती नोंद, ते आधी ठरव.

शेंगाचटणी
लिलाव भिशी लाव की बे. ज्याला पैशाची घाई, त्याच्या हाती कमी. थंडीत सावकाश काढली तर पुरी, एकदम उचलली तर निम्मी जळाली.

पूर्वभागकर
नोंदच धरतो. भिशी भारी, घेतली. पण ती काढतानाची किंमत झाली, मला भरतानाची पाहिजे.

कल्हईवाल्याचा_नातू
ताइताला कल्हई लागू दे. आजोबा पातेलं निखाऱ्यावर तापवायचे, नवसागर टाकला की पांढरा धूर, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं झरझर फिरवायचे. झिजली की त्यात ताक कळकतं. तशी ऊब कळकू दे, अंगात ताप होऊन उलटू दे. मग सगळे कल्हईला धावतील.

आणि कथलात तू नजर ठेवलीयस ना? मग प्रत्येक कल्हईला कल्हईवाल्याची थोडी नजर जाणार. आमच्या आजोबांना शेवटी दिसत नव्हतं.

पूर्वभागकर
नायकाचा मामा कल्हईवाला केला आत्ताच. नवसागराचा धूर नाकात कसा लागतो, तेवढं लिही ना. मी कधी घेतलेला नाही.